नदीकडे ऐंशी पावलं

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकांनी उमेदीची सगळी वर्षं तोफखान्यात काढली होती. एक कान तिथेच ठेवून आलो, असं ते स्वतःच सांगायचे. उरलेल्या कानाने त्यांना हवं तेवढंच ऐकू यायचं. गावावर पहिला गोळा पडला त्या दिवशी शाळेच्या तळघरात आम्ही चाळीसेक माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, आणि काका बोलत होते.

"आमच्या वेळी शंभर गोळे टाकायचो तेव्हा एखादा लागायचा. बाकीचे शेतात, ओढ्यात, कुणाच्या तरी नशिबात. आता एकच टाकतात. त्याला पंख असतात, सुकाणू असतं. वर आकाशातल्या उपग्रहाला विचारत विचारत येतो. वाट चुकत नाही. त्याला फक्त पत्ता द्यावा लागतो."

"आणि पत्ता कोण देतं?" शाळेच्या बाईंनी विचारलं. बाई म्हणजे मुख्याध्यापिका; तळघराची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

काकांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "तेच तर," म्हणाले.

गोधडी शिवताना सुई आत राहून जावी तसे ते दोन शब्द तळघरात राहून गेले. त्यानंतर कोणी कुठेही टेकलं तरी टोचायचं.

माझी आई जुन्या लढाईच्या गोष्टी सांगायची. गोळा पडला की बायका दैवाला शिव्या घालायच्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. दैव सगळ्यांचं सामाईक होतं, त्यावरून शेजारणीशी भांडण व्हायचं कारण नव्हतं. ह्या नव्या, नेमक्या गोळ्याने आमचं दैव उचलून नेलं आणि त्याच्या जागी शेजारी आणून बसवला.

पहिला गोळा बागेतल्या बँडच्या चौथऱ्यावर पडला. कोणाला इजा नव्हती, म्हणून हसायला जमलं. "इतकं बेसूर वाजवायचे, कोणीतरी तक्रार केली असेल," टेलर म्हणाला.

टेलरचं दुकान वीजघराच्या खालच्या अंगाला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. माझ्या नवऱ्याचा तो दोस्त. हे नगरपालिकेत मोजणीदार, तीस वर्षं जमीन मोजत आलेले. गावाचा नकाशा ह्यांच्याच हातचा. रस्त्यात मधेमधे लाल रंगाचा गोल आणि गोलाच्या मधोमध ठोकलेला खिळा दिसायचा, ती ह्यांच्या मोजणीची खूण. पोरं ह्यांना मागून 'फूटपट्टी' म्हणायची आणि हे मागे वळून "बारा इंची" असं उत्तर द्यायचे.

"मोजणीदार, आपण दोघंही गळ्यात टेप घालून फिरणारे," टेलर म्हणायचा. "माझं माप चुकलं तर सदरा दाटतो. तुमचं चुकलं तर?"

"तर गाव दाटतं."

"तरीच. आमच्या फोनवरचा तो निळा ठिपका कायम एक गल्ली मागे असतो. मी दुकानात बसलोय आणि फोन म्हणतो वीजघरात बसलाय."

"फोन बदल," हे म्हणायचे.

पहिल्या गोळ्यानंतर सहाव्या दिवशी, दुपारी चारला, दुसरा गोळा टेलरच्या दुकानावर आला. आजूबाजूच्या घरांच्या काचा गेल्या, भिंती राहिल्या. दुकान तेवढं नव्हतं. दात उपटावा तसं. टेलर आत होता. त्याची बायको कोपऱ्यावर पाव आणायला गेली होती, ती पाव छातीशी धरून खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या हातातून तो पाव कोणाला काढून घेता आला नाही.

मला आईसारखी काम करता करता गाणं जुळवायची सवय. त्या आठवड्यात कपडे पिळताना ओळी आल्या:

आला आला गं पाहुणा, नाही दार ठोठावलं
कुणी सांगितलं घर, कुणी बोट दाखवलं

मी टेलरसाठी रडत होते, दुसरं काही मनात नव्हतं. पण तळघरात बायकांनी ते गाणं उचललं आणि गुणगुणता गुणगुणता दुसऱ्या ओळीवर सगळ्या जरा जास्त रेंगाळायला लागल्या.

मग कारणं निघाली. नेमका गोळा, म्हणजे नेमकं कारण असणारच. टेलर सैनिकांचे गणवेश शिवत होता म्हणे. खरं तर त्याने तीन विजारी आखूड करून दिल्या होत्या. सहा दिवसांनी, पुन्हा चारलाच, तिसरा गोळा रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या छापखान्यावर पडला, तर तिथे गुप्त पत्रकं छापत होते म्हणे. त्या छापखान्यात लग्नपत्रिकांशिवाय काही छापल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण कारण मिळालं की माणसाला बरं वाटतं, आणि कारणापाठोपाठ दोषी शोधायला तो मोकळा होतो.

टेलरच्या दुकानासमोर रस्त्यात लाल गोल होता, मधोमध खिळा. छापखान्याच्या फाटकाशीही होता. गावात असे दीडशे गोल होते, पण ज्यांना दोन बघायचे होते त्यांनी दोनच बघितले. एका सकाळी आमच्या दारासमोरचा गोल कोणीतरी दगडाने घासून टाकलेला दिसला.

"रंग स्वस्तातला होता," हे म्हणाले आणि चहा प्यायले. पण मधेच कप ठेवून खिडकीतून रस्ता बघून आले. मी पाहिलं.

मी तेव्हा सगळंच पाहत होते. आता सांगायला लाज वाटते, पण घरात दोनच माणसं असली आणि एकाने खोटं बोलायला सुरुवात केली की दुसऱ्याला पाहत राहण्यावाचून काम उरत नाही. हे पहाटे "पाणी आणतो" म्हणून कॅन घेऊन जायचे. नळ दोन मिनिटांवर, यायला तास. कॅन अर्धा. बुटांना विटांची धूळ, खिशात खडू. दूधवाल्याच्या बायकोने मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की मोजणीदार छापखान्याच्या खड्ड्यापासून मालधक्क्यापर्यंत पावलं टाकत होता, ओठ हलवत, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा.

मी पिठाचा डबा उघडला तो पीठ काढायलाच. तळाशी त्यांची मोजणीची वही होती, कापडात गुंडाळलेली. शेवटच्या पानावर तीन ओळी. चौथरा – ८१. टेलर – ७९. छापखाना – ८०. प्रत्येकीपुढे एक बाण. खाली एक मोकळी ओळ, नुसती रेघ मारून ठेवलेली.

मोकळी ओळ कोणासाठी ठेवतात? जे अजून व्हायचंय त्यासाठी.

मी वही होती तशी ठेवली, वर पीठ ओतलं, आणि माझ्या तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नवऱ्याला जेवायला वाढताना त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

त्याच दिवशी बाईंनी मला तळघराच्या दाराशी थांबवलं. "तुम्ही या, ताई. तुमच्याबद्दल कोणाचं काही नाही. पण मोजणीदारांनी इथे नाही आलेलं बरं. लोकांचं मन मला सांभाळावं लागतं."

मागे काका होते. "बाई, सरळ सांगा ना. आत किती माणसं बसतात ते मोजायला यायचे, असं सगळ्यांना वाटतं."

मी भांडायला हवं होतं. मी म्हणाले, "सांगते त्यांना." टेलरची बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या गळ्यात नवऱ्याची टेप होती, पिवळी, दोन ठिकाणी जळलेली.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." एवढंच. चोर पकडला जातो तेव्हा हेच म्हणतो, असं माझ्या मनात आलं.

छापखान्यानंतरचा सहावा दिवस उजाडला. दुपारी दोन वाजता मी पिशवी भरली – पाण्याची बाटली, चादर, विणकाम – आणि तळघराकडे निघाले. हे दारात आडवे उभे राहिले.

"आज तिकडे जाऊ नकोस."

"का?"

"नको."

मी पिशवी खाली ठेवली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि वही काढून टेबलावर टाकली. पीठ सगळीकडे उडालं. "चौथी ओळ कोणाची आहे?" मी विचारलं. "शाळेची?"

ते खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू बसले. आपला नवरा इतका म्हातारा झालाय हे मला तेव्हा कळलं.

"तुला मी बघायला आलो होतो तो दिवस आठवतो?" ते म्हणाले.

"विषय बदलू नका."

"विषय तोच आहे. त्या वर्षी मी गावाचा नवा नकाशा करत होतो. सगळं गाव एका दगडापासून मोजतात. मूळ दगड, पुलाच्या तोंडाशी. तिथून मोजायचं, आणि मग टेकडीवरच्या दुसऱ्या दगडाशी ताडून बघायचं, असा आमचा नेम. टेकडी चढून यायला तीन तास लागतात. त्या दिवशी चारला तुमच्याकडे यायचं ठरलं होतं. मी टेकडी चढलो नाही. ताळा जमला असं वहीत लिहिलं, अंघोळ केली आणि तुमच्याकडे आलो."

"मग?"

"पुलाचा रस्ता रुंद करताना मजुरांनी मूळ दगड नदीपासून मागे घेतला होता. ऐंशी पावलं. नीट, सरळ, ओळंब्यात बसवलेला. मला वाटलं तो जागेवरच आहे. म्हणून माझ्या नकाशात सगळं गाव नदीकडे ऐंशी पावलं सरकलंय. घरं, रस्ते, शाळा, सगळं सारखंच. सगळंच सारखं सरकलं तर सरकलंय असं कोणाला कळत नाही. कुंपणाला कुंपण बरोबर लागतं."

"निळा ठिपका," मी म्हणाले.

"फोनचा ठिपका शहाणा होता, त्याखालचा नकाशा माझा होता. टेलरलाच मी फोन बदल म्हणालो." त्यांनी वहीवरचं पीठ बोटाने पुसलं. "वरून बघणाऱ्यांना नुसती छपरं दिसतात. त्यावरही आपण जाळ्या टाकल्यात. कुठल्या छपराखाली काय आहे ते नकाशा सांगतो, आणि माझा नकाशा दुकानात विकायला होता, कोणीही घ्यावा. ते नकाशातला आकडा गोळ्याला देतात. गोळा नेमका तिथेच येतो. चौथऱ्यापासून टेकडीच्या बाजूला ऐंशी पावलं गेलं की टेलिफोनची इमारत. टेलरपासून ऐंशी पावलं, वीजघर. छापखान्यापासून, मालधक्का."

मी वही स्वतःकडे ओढली. "म्हणजे कोणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं. तीस वर्षांपूर्वी."

"अहो, मग हे सगळ्यांना सांगा. आत्ता. काका ओरडतील, बाई ओरडतील, पण तुमच्यावरचा डाग जाईल."

"आणि चाळीस जणांना कळलेलं पलीकडे कळायला किती वेळ लागतो? त्यांना वाटतंय वीजघर गेलं. आपण दिवे बंद ठेवले, आपल्याच रेडिओने घाईत, खड्डा न बघताच, वीजघर उद्ध्वस्त म्हणून सांगितलं, म्हणून वाटतंय. एकदा चूक समजली की आकड्यातून ऐंशी पावलं वजा करायला एक मिनिट लागतं. पाणी गेलं तर दवाखाना आठ दिवस चालणार नाही. ही चूक आहे म्हणून गाव आहे. आणि ही चूक आहे म्हणून टेलर नाही. दोन्ही माझंच."

"पाणी का म्हणालात?"

"टेलिफोन, वीज, रेल्वे झाली. राहिलं काय? पाण्याचे पंप. पंपघरापासून नदीकडे ऐंशी पावलं मी काल टाकली. शाळेच्या पायरीवर पोचलो."

घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"नक्की आहे?"

"नाही. पण ती माणसं तिथे बसलीत आणि मी सांगायला गेलो तर आणखी घट्ट बसतील. मोजणीदार बाहेर या म्हणतो, म्हणजे बाहेर पडेल तो मरेल."

ते खरंच होतं. त्या गावात त्यांच्या शब्दाला आता उलटं वजन होतं. मी उभी राहिले. इतके दिवस मनात दाबलेल्या संशयाचा उपयोग काय करायचा ते मला एकदम दिसलं.

"मी सांगितलं तर?" मी म्हणाले. "तुम्ही शाळेचा पत्ता दिलात, असं सांगितलं तर?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वी चार वाजता आमच्या दारात घामाघूम उभे होते तेव्हा असंच बघितलं होतं.

"तुझ्यावर विश्वास ठेवतील," ते म्हणाले. "जा."

मी धावले नाही. धावले असते तर लोकांना संशय आला असता. धावायची वेळ आली तेव्हा लोक धावणाऱ्याकडेच संशयाने बघायला शिकले होते. तळघराच्या पायऱ्या उतरले. बायका विणत होत्या. कोणीतरी माझंच गाणं गुणगुणत होतं.

"बाई," मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याने इथला पत्ता दिलाय. चार वाजता पडणार आहे. वहीत लिहिलेलं मी वाचलं."

गाणं थांबलं. बाईंचा हात किल्लीवर गेला. कोणी "अरे देवा" म्हणालं नाही, कोणी "खरं का" म्हणालं नाही. ह्याच गोष्टीची ते सगळे कधीपासून वाट पाहत होते. संशय खरा ठरला की माणसाच्या चेहऱ्यावर येतो तो सुटकेचा भाव मी चाळीस चेहऱ्यांवर एकदम पाहिला.

"मी म्हणालो होतो," काका म्हणाले. मग त्यांच्यातला जुना सैनिक जागा झाला. "उठा. टेकडीकडच्या बाजारगोदामात. दोघं दोघं जा, भिंतीच्या कडेने. म्हातारी माणसं आधी. चादरी राहू द्या."

टेलरची बायको शेवटपर्यंत बसून राहिली. मी तिच्या हाताला धरून उठवलं. तिने हात झटकला आणि स्वतःच्या पायांनी गेली.

मी घरी परतले. आम्ही दोघं टेबलाशी समोरासमोर बसलो. पाठ करून बसायचं कारण उरलं नव्हतं. चार वाजले. चारवर पाच मिनिटं गेली. "चुकलो असेन," हे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकल्याचा त्यांना आनंद होतोय असं वाटलं.

मग खिडक्या आत आल्या.

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. शाळेच्या जागी धूळ उभी होती. तिच्या पलीकडे, चढावर, पंपघर तसंच होतं, जाळीखाली. त्याचा धडधड आवाज येत होता.

ह्यांनी आत जाऊन खांद्यात जरा दाटणारा पांढरा सदरा घातला. टेलरनेच शिवलेला. "त्याला सांगितलं होतं सैल कर," म्हणाले. मग वही माझ्या हातात दिली. "जाळू नकोस. लढाई संपली की नकाशा दुरुस्त करावा लागेल. लोक कुंपणावरून भांडतील." आणि पायरीवर जाऊन बसले.

काका आणि दोन शिपाई अर्ध्या तासात आले. त्यांनी विचारलं त्या सगळ्याला ह्यांनी हो म्हटलं. कोणाला दिलास, कसा दिलास, ह्याला मात्र उत्तर नव्हतं, आणि ते उत्तर न देणं हाच त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरला. आता ते नगरपालिकेच्या मागच्या खोलीत आहेत, जिथे त्यांची तीन पायांची दुर्बीण आणि साखळ्या ठेवलेल्या असायच्या. खोली लांबीला अकरा पावलं आहे, असा निरोप त्यांनी पाठवला. पुढे काय होणार ते चौकशी अधिकारी ठरवील. त्याने मला बोलावलं होतं. मी तळघरात सांगितलं तेच सांगितलं. त्याने वही मागितली. मी म्हणाले, ह्यांनी जाळली. ती माझ्या उशीत आहे.

त्या दिवसापासून पाचवा दिवस. नळावर रांग होती. मी उभी राहिले तशी पुढच्या दोघी आणखी पुढे सरकल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं, कुणी सांगितलं घर, कुणी बोट दाखवलं. हळू, पण मला ऐकू येईल असं. चाल माझीच होती, म्हणून कुठे श्वास घ्यायचा ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

टेलरची बायको रांगेतून निघून माझ्यापाशी आली. टेप अजून गळ्यात.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाही. माझ्या माणसाचा पत्ता त्यांनीच दिला का?"

हिच्याजवळ तरी सांगावं, असं ओठांवर आलं होतं. हिचा हक्क सगळ्यांत आधी. पण तिच्या मागे रांग होती, रांगेला कान होते, आणि नळाला पाणी होतं. वरच्या अंगाला पंप धडधडत होते.

"हो," मी म्हणाले.

आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला तिच्या डोळ्यांत बघून म्हणता आलं.

तिने मान हलवली. वाकून माझी बादली उचलली, रांगेबाहेर नेऊन ठेवली, आणि आपल्या जागी परत गेली. मी बादली घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. नळ चालू होता.